ऐंशी ग्रॅम शिसं आणि एक टेकडी

सिंहगडावर गेल्यावर तुम्ही काय करता? पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, मग कड्याच्या टोकाला उभं राहून फोटो. आम्हीही तेच करतो. पुढच्या वेळी फोटो काढून झाला की दोन मिनिटं फोन खिशात ठेवा आणि समोर बघा. वारा असेल तर एखादी घार अगदी तुमच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन उभी राहिलेली दिसेल. हो, उभीच. पंख हलवत नाही, खाली पडत नाही, पुढेही फारशी जात नाही. शेपूट जराशी इकडे, जराशी तिकडे, बस.

ती घार तिथे नेमकं काय करत असते हे मला यंदाच्या मार्च-एप्रिलमध्ये कळलं. ते कळण्यासाठी सहा हजार आठशे रुपये, पाच रविवार आणि एका सर्व्हो मोटरचे दात गेले. दातांचं पाप माझं आहे, त्यावर पुढे येतोच.

त्या प्रकाराला स्लोप सोअरिंग म्हणतात. मॉलमधला वर जाणारा सरकता जिना आठवा. लहानपणी आपण सगळ्यांनी त्यावरून उलटं खाली उतरायचा उद्योग केलाय आणि सिक्युरिटीवाल्या काकांची बोलणी खाल्लीयत. तुम्ही उतरताय, जिना चढतोय. तुमचा उतरण्याचा वेग जिन्यापेक्षा कमी पडला की तुम्ही उतरत उतरत वरच पोचता. ग्लायडर हे असं विमान आहे जे कायम उतरतच असतं, कारण त्याला इंजिन नसतं. शांत हवेत ते दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली येतं असं धरा. आता समोरून येणारा वारा टेकडीच्या उतारावर आदळला की त्याला जायला जागा एकच, वर. ही वर वळलेली हवा सेकंदाला दीड-दोन मीटर चढत असेल आणि ग्लायडर सेकंदाला एक मीटर उतरत असेल, तर हिशोब तुम्हीच करा. वारा आहे तोवर विमान वर. पेट्रोल नाही, प्रोपेलर नाही, आवाज नाही. म्हणजे आवाज असतो, पण तो पंखावरून जाणाऱ्या हवेचा. सुईईई असा. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

हे सगळं माझ्या रूममेटचं खूळ. त्याचं नाव लिहू नको म्हणाला, कंपनीतला एच.आर. वाचेल. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग डिग्री, आणि मेच्या एक तारखेपासून चाकणला नोकरी, तीही शिफ्टमध्ये. ‘एकदा शिफ्ट चालू झाली की रविवार माझा राहणार नाही, त्याच्या आधी मला हे एकदा उडवायचंय,’ असं तो मार्चमध्ये म्हणाला. मी मास कॉमवाला, फिजिक्सशी बारावीनंतर बोलणं बंद. मला या पानासाठी ‘हटके छंद’ असं काहीतरी हवं होतं. आठशे शब्द, दोन फोटो, विषय संपला, असा माझा प्लॅन होता.

फोमचा पंख, सायकलचा स्पोक

तुम्हाला वाटेल विमान म्हणजे पंख, धड, शेपूट. आमच्याकडे फक्त पंख होता. याला फ्लाइंग विंग म्हणतात, बूमरँगसारखा दिसतो. टोकापासून टोकापर्यंत 1.2 मीटर, मध्यभागी रुंदी 32 सेंटिमीटर, टोकाला 20. नवशिक्यांसाठी हा आकार बरा, कारण तोडण्यासारखं त्यात फार काही नसतं. शेपूटच नाही तर मोडणार काय?

साहित्य ईपीपी फोम. गाडीच्या बंपरच्या आत धक्का सोसायला जो फोम भरतात, त्याच जातीचा. दाबला की परत फुगतो. थर्माकोल स्वस्त पडतो, पण तो एकदा चेपला की चेपला, आणि त्यावर फेव्हिक्विक टाकलं तर समोरासमोर वितळून भोक पडतं. आम्ही प्रॅक्टिससाठी मात्र थर्माकोलच वापरला. माझ्या मावशीच्या माळ्यावर गणपतीच्या जुन्या मखराचा होता. सजावटीच्या थर्माकोलवर 2018 मध्ये बंदी आली, पण पुण्यातल्या माळ्यांवरून तो अजून उतरलेला नाही.

फोम कापायचा तापलेल्या तारेने. लाकडी धनुष्याला नायक्रोमची तार ताणून बांधायची, बॅटरी जोडायची, तार गरम झाली की ती लोण्यासारखी फोममधून जाते. पंखाचा आकार यावा म्हणून फोमच्या दोन्ही टोकांना सनमायकाचे साचे टाचणीने लावायचे आणि तार त्यांच्या कडेवरून सरकवायची. खरी गंमत इथे आहे. मधला साचा 32 सेंटिमीटरचा, टोकाचा 20 चा. दोघांनी एकाच वेळी सुरुवात करून एकाच वेळी संपवायचं. म्हणजे एकाने भरभर आणि दुसऱ्याने हळू जायचं, तेही न थांबता, कारण तार जिथे थांबेल तिथे खड्डा पडतो. म्हणून दोन्ही साच्यांवर एक ते दहा असे आकडे सारख्या भागांत लिहितात आणि माणसं मोठ्याने मोजतात. ‘तीन… साडेतीन… चार… अरे थांब ना… पाच.’ रात्री साडेअकराला हॉस्टेलच्या रूममध्ये दोन पोरं दार बंद करून आकडे ओरडतायत, हे बाहेरून कसं वाटलं असेल कल्पना करा. शेजारच्या रूममधल्याने दार ठोठावून विचारलं, ‘काय चाललंय भावा, हाऊजी?’ (खिडकी उघडी ठेवा. या धुराने डोकं चढतं, आणि तो छातीलाही चांगला नसतो.)

आमचे तीन पंख वाया गेले. चौथा जमला. मला आजवर ग्रुप असाइनमेंट म्हणजे एकाने करायचं आणि चौघांनी नाव लावायचं एवढंच माहीत होतं. या तारेचं तसं नाही, एक जण जरा जरी ढिला पडला तर पंखाला पोट सुटतं.

बाकीचं पटकन सांगतो. पंखाच्या आत दोन्ही बाजूंना कार्बनची नळी, म्हणजे वाऱ्यात तो दुमडत नाही. वरून धाग्याची फायबर टेप आणि त्यावर रंगीत सेलोटेप, वरून नारिंगी आणि खालून काळी. रंग हौस म्हणून नाही, विमान शंभर मीटरवर गेलं की ते सरळ आहे की उलटं हे फक्त रंगावरून कळतं. मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांना एलेव्हॉन म्हणतात. आमच्या पट्ट्या एका जुन्या बॅनरच्या सनपॅक शीटमधून कापल्या, त्यामुळे डाव्या पट्टीवर आतून ‘हार्दिक शुभे’ एवढंच वाचता येतं. पट्ट्या हलवायला दोन नऊ-नऊ ग्रॅमचे सर्व्हो, आणि सर्व्होपासून पट्टीपर्यंत सायकलचा स्पोक. रिमोट सेकंडहँड, फ्लायस्कायचा, रिसीव्हरसकट तीन हजार दोनशेला. सगळ्यात मोठा खर्च हाच. आत चार रिचार्जेबल पेन्सिल सेल.

दोन्ही पट्ट्या एकत्र वर गेल्या की नाक वर, एक वर आणि एक खाली गेली की विमान वळतं. रिमोटच्या मेन्यूमध्ये एलेव्हॉन नावाचं मिक्सिंग असतं, ते चालू करायचं. आणि उडवण्याआधी दर वेळी, म्हणजे दर वेळी, विमान हातात धरून बघायचं: काडी डावीकडे, तर डावी पट्टी वर गेली पाहिजे. काडी मागे, तर दोन्ही वर. हे उलटं निघालं तर तुमचं पहिलं उड्डाण साधारण दीड सेकंदाचं असेल.

आता शिसं. विमान बोटांवर तोलून बघायचं असतं. आमच्या आकाराच्या पंखाचा तोल नाकापासून 17 सेंटिमीटरवर यायला हवा, हे रूममेटने दोन पानं गणित करून काढलं होतं. तो येत नव्हता, मागे येत होता. म्हणून त्याने टायरच्या दुकानातून बॅलन्सिंगच्या चिकटवायच्या वजनांची पट्टी आणली आणि नाकात 80 ग्रॅम शिसं बसवलं. तोल बरोबर 17 वर. एकूण वजन 600 ग्रॅम.

कुठे उडवायचं (आणि कुठे अजिबात नाही)

‘ए.आर.ए.आय. टेकडीवर जाऊ की,’ हे मीच म्हणालो होतो. नाही जायचं. 2021 च्या ड्रोन रूल्समध्ये आपल्यासारख्यांच्या विमानांसाठी वेगळी व्याख्या आहे: 25 किलोपर्यंतचं, फक्त शिक्षण, संशोधन, डिझाइन, चाचणी किंवा करमणुकीसाठी, आणि डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात उडवायचं. पण जागेचे नियम आपल्यालाही आहेत. डिजिटल स्कायच्या नकाशावर लाल, पिवळे, हिरवे भाग दिसतात. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त 200 फुटांपर्यंत. पुण्यात एका बाजूला लोहगावचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला एनडीए, मध्ये पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळा. आम्ही आमच्या लाडक्या टेकड्यांवर एकेक करून फुली मारली. सिंहगडावर घार बघा, विमान नको. आणि निघायच्या दिवशी सकाळी नकाशा परत बघा.

शेवटी आम्ही लोणावळा लोकल धरली आणि कामशेतला उतरलो. तिथून पुढे एक टेकडी, तिचा उतार पश्चिमेकडे, समोर मोकळं, माथ्यावर सपाट गवत. कामशेत भागात पॅराग्लायडिंग चालतं. ते जिथे उडतात त्या टेकडीवर आपलं 600 ग्रॅमचं विमान न्यायचं नाही, हे सांगायची गरज नाही, तरी सांगतो. माणूस दोऱ्यांना लटकलेला असतो.

टेकडी पश्चिमेकडे तोंड करून का? उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. पुण्यात संध्याकाळी गच्चीवर बरं वाटतं ते त्याच्यामुळेच. घाटाच्या कडेला तो आणखी जोरात लागतो. वाऱ्याने उताराला सरळ समोरून भिडायला हवं, तिरका आला तर तो वर न जाता बाजूने निसटतो. आम्ही रिमोटच्या अँटेनाला लोकरीचा धागा बांधला होता. ताशी 20 ते 25 किलोमीटर वारा आमच्या पंखाला पुरतो. ओळखायचं कसं? गवत सतत वाकलेलं असतं आणि टोपी हाताने धरावी लागते.

ही आयडिया कुठल्या अ‍ॅपच्या जमान्यातली नाही. विमानात इंजिन बसायच्या आधी माणसं हेच करत होती. ओटो लिलियेंथालने 1894 मध्ये बर्लिनजवळ पंधरा मीटर उंचीची टेकडीच बांधून घेतली होती, तिच्यावरून पंख लावून उडी मारायला. 1896 मध्ये ग्लायडर कोसळूनच तो गेला. राइट बंधूंपैकी ऑरव्हिल 1911 मध्ये, म्हणजे इंजिनाचं विमान उडवून आठ वर्षं झाल्यावर, परत ग्लायडर घेऊन किल डेव्हिल हिल्सच्या वाळूच्या टेकडीवर गेला आणि नऊ मिनिटं पंचेचाळीस सेकंद वर राहिला. हा विक्रम दहा वर्षं टिकला. मग जर्मनी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने त्यांच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधनं आली, तर तिथली पोरं ग्लायडर घेऊन वासरकुपे नावाच्या डोंगरावर जमू लागली. 1922 मध्ये तिथेच व्हॅम्पायर नावाचं ग्लायडर पहिल्यांदा एका तासाहून जास्त वर राहिलं, आणि काही दिवसांत तीन तास. हे व्हॅम्पायर हॅनोव्हरच्या टेक्निकल कॉलेजातल्या विद्यार्थ्यांचं होतं. ते वाचल्यावर रूममेटने आमच्या पंखाच्या पोटावर मार्करने एक वटवाघूळ काढलं.

पहिला रविवार: चार सेकंद

आता पापाची गोष्ट.

शनिवारी रात्री तो मेसला गेला होता. मी विमान हातात घेऊन बघत होतो. मला ते जड वाटलं. साधी गोष्ट आहे ना, उडायचंय तर हलकं पाहिजे. 600 ग्रॅममधले 80 ग्रॅम नुसतं शिसं, काही काम न करणारं. मला वाटलं त्याने जरा जास्तच घातलंय. मी नाकावरची टेप उचकटली, पट्टी काढली, टेप परत लावली. त्याला सरप्राइज द्यायचं होतं. उडालं की सांगणार होतो, ‘बघ, मी हलकं केलं.’

दुसऱ्या दिवशी साडेतीनला टेकडीवर. त्याने पट्ट्या तपासल्या, डावी वर, उजवी वर, सगळं बरोबर. तोल परत तपासला नाही, कारण तो त्याने स्वतः शुक्रवारी जमवला होता. रिमोट त्याच्या हातात, फेकायचं काम माझं. कसं फेकायचं तेही त्याने शिकवलं होतं: वर नाही, लांब नाही, समोरच्या क्षितिजाकडे सरळ, भाला फेकतो तसं. मी फेकलं.

ते गेलं आणि नाक वर करून उभंच राहिलं. त्याने काडी पुढे ढकलली, तर नाक एकदम खाली. मागे ओढली, तर परत उभं. मग एक कोलांटी, वाऱ्याने त्याला आमच्या डोक्यावरून मागे ओढून नेलं आणि टेकडीच्या पाठीमागे धप्प. चार सेकंद. मी मनात मोजले होते.

टेकडीच्या पाठीमागची हवा हा वेगळाच प्रकार आहे. नदीत मोठ्या दगडाच्या मागे पाणी जसं गोल गोल फिरतं आणि उलटं वाहतं, तसंच. समोर वर नेणारा वारा, माथा ओलांडला की तोच खाली आपटतो. त्यामुळे विमान कायम माथ्याच्या पुढे ठेवायचं आणि वळताना नेहमी दरीच्या दिशेने वळायचं, डोंगराच्या दिशेने कधीच नाही. हा नियम पाठ असून उपयोग नव्हता, कारण विमान कुणाचंच ऐकत नव्हतं.

डाव्या सर्व्होचे गिअर दात तुटून फिरत होते, टोकाची उभी पट्टी दुमडली होती. फोमला काहीही झालं नव्हतं. तो तिथेच दगडावर बसला. रागावला नाही, तेच जास्त वाईट. म्हणाला, ‘माझं गणित चुकलंय कुठेतरी.’ परतीच्या लोकलमध्ये देहू रोडपर्यंत तो वहीत आकडे लिहीत होता. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. ती शिशाची पट्टी माझ्या बॅगेच्या चेनच्या कप्प्यात होती.

खरं सांगायला मला चार दिवस लागले. चार दिवस तो रोज रात्री तेच गणित नव्याने करत होता आणि रोज उत्तर 17 येत होतं. गुरुवारी टपरीवर मी ती पट्टी टेबलावर ठेवली. ‘मी काढली होती. शनिवारी.’

त्याने पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कटिंगचा घोट घेतला. ‘पत्रकार,’ तो म्हणाला, ‘तू लोकांच्या बातम्या पण अशाच हलक्या करतोस का रे?’

मी गप्प. मग तो हसायला लागला, इतका की चहावाले मामा बघायला लागले. ‘साल्या, मी चार दिवस झोपलो नाहीये. मला वाटलं, मला साधा तोल काढता येत नाही आणि मी परवापासून कंपनीत काय दिवे लावणार.’

हे ऐकून मला पहिल्यांदा कळलं की त्याला ते विमान का उडवायचं होतं.

मग त्याने टिश्यूवर मला समजावलं, आणि हे तुम्हीही ऐका, कारण पहिल्यांदा बनवणारे कित्येक जण इथेच फसतात. वजन किती याच्यापेक्षा वजन कुठे हे महत्त्वाचं. नाकातले 80 ग्रॅम काढल्यावर तोल 17 वरून जवळजवळ 19 सेंटिमीटरवर गेला. बाण आठवा. टोक जड, मागे पिसं, म्हणून तो सरळ जातो. उलटा फेका, तो स्वतःच वळतो. विमानाचा तोल पुढे असेल तर वाऱ्याचा धक्का बसला तरी ते आपोआप सरळ होतं. तोल मागे गेला की प्रत्येक धक्का वाढत जातो आणि माणसाचे हात तेवढे भराभर चालत नाहीत. आणि जडपणाचं म्हणाल तर स्लोपवर वारा जोरात असला की लोक मुद्दाम वजन वाढवतात, विमान वाऱ्यात घुसावं म्हणून. डोंगरांवर याच्याही पुढचा एक खेळ चालतो, माथ्यावरून जाणारा वेगवान वारा आणि मागची शांत हवा यांच्यात गोल गोल फिरवून वेग वाढवत नेण्याचा. स्पेन्सर लिझेनबी या अमेरिकन माणसाने 2021 मध्ये असं ग्लायडर ताशी 548 मैल, म्हणजे 882 किलोमीटर वेगाने नेलं. इंजिन नसलेलं! आपण मात्र आपल्या पायरीवर राहू.

नवीन सर्व्होचे पैसे मी दिले. एकशे तीस रुपये. स्वस्तात सुटलो.

दुसरा रविवार

या वेळी आधी सपाट माथ्यावर, गवतात, नुसतं हातातून सोडून बघितलं. हे आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मोटर नाही, वारा मंद, छातीच्या उंचीवरून हलकेच फेकायचं. विमान पंधरा-वीस पावलं सरळ जाऊन गवतात बसलं पाहिजे. नाक खुपसलं तर पट्ट्या अर्धा मिलिमीटर वर, डुचमळलं तर तोल बघा. आमचं तिसऱ्या फेकीला शहाण्यासारखं सरळ गेलं.

एप्रिलचा शेवटचा रविवार होता. चार वाजेपर्यंत वारा नव्हताच. आम्ही कडेला बसून वेफर्स खात होतो, खाली रस्त्यावरचे ट्रक दिसत होते. पावणेपाचला धागा हलला. पाचला तो आडवा झाला. तेवढ्यात डावीकडून एक घार आली आणि आमच्या समोरून, कडेला समांतर, पंख न हलवता सरकत गेली. रूममेट उठला. ‘ती उडतेय म्हणजे वारा पास आहे.’ हे कुठल्याही अ‍ॅपपेक्षा भरवशाचं, लिहून ठेवा.

पट्ट्या तपासल्या. तोल तपासला, या वेळी मी, त्याच्या देखत, दोन बोटांवर. 17. फेकलं.

ते पुढे गेलं, थोडं खाली बसलं, माझ्या पोटात गोळा आला. आणि मग ते खाली जायचं थांबलं. एवढंच झालं. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही, ते नुसतं आमच्या समोर, दरीच्या वर, हळूहळू उंच होत गेलं. त्याने डावीकडे नेलं, दरीच्या बाजूने वळवलं, परत आणलं. आडवा आठ. काडी हातात असलेला माणूस एक शब्द बोलत नव्हता. मग म्हणाला, ‘मी काही करत नाहीये रे. बघ.’ आणि खरंच त्याचे अंगठे जवळजवळ स्थिर होते.

सात मिनिटांनी त्याने रिमोट माझ्याकडे दिला. मी नाही म्हणत होतो. ‘धर. दरीकडे वळ. तुझ्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं वाटेल, तेव्हा ज्या बाजूचा पंख खाली जाईल त्या बाजूला काडी ने.’ मी धरला. बोटं थरथरत होती, म्हणून विमानही थरथरत होतं. एकदा ते माझ्याकडे तोंड करून आलं आणि मी नेमकं चुकीच्या बाजूला वळवलं. तो शेजारून नुसतं ‘सोड’ म्हणाला. मी काडी सोडली, आणि विमान आपलं आपण सरळ झालं. नाकातलं शिसं.

उतरवायचं त्यानेच. वाऱ्याच्या पट्ट्यातून बाजूला काढून, माथ्याच्या कडेला, परत वाऱ्याकडे तोंड करून, गवतात सरकत. अकरा मिनिटं वीस सेकंद. ऑरव्हिल राइटपेक्षा जास्त, असं मी म्हणालो, तर तो म्हणाला, ‘तो स्वतः आत बसला होता.’

त्यानंतर आणखी दोनदा उडवलं, दुसऱ्यांदा सूर्य थेट डोळ्यांत आल्यामुळे लवकर उतरवलं. नारिंगी बाजू चमकत होती आणि काळी दिसतच नव्हती. सूर्यासमोर उडवू नका, हेही या निमित्ताने.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर एकट्याने करू नका. तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतंच. कॉलेजमध्ये एनसीसीची एअर विंग असेल तर तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात, तिथल्या कुणाला तरी गाठा. इंजिनीअरिंगच्या मुलांमध्ये एक तरी असा निघतोच ज्याच्या कपाटात कार्बनची नळी असते. पाऊस सुरू झाला की वारा भरपूर, पण ढग माथ्यावर उतरतात आणि आपलं विमान आपल्यालाच दिसत नाही, शिवाय कडा निसरड्या. ऑक्टोबरनंतर किंवा थेट उन्हाळ्यात जा. पाणी न्या, टोपीला दोरी लावा, आणि कडेला उभं राहून वर बघत चालू नका. वर बघायचं तर उभं राहा, चालायचं तर खाली बघा.

परत येताना लोकलला गर्दी होती. त्याने पंख डोक्यावर आडवा धरला होता. तळेगावला चढलेल्या एका आजोबांनी बराच वेळ बघून विचारलं, ‘काय रे हे?’

‘विमान, आजोबा.’

‘मोटर कुठंय?’

‘नाहीये.’

आजोबांनी पंखाखाली वाकून बघितलं, वटवाघूळ बघितलं, ‘हार्दिक शुभे’ वाचलं. म्हणाले, ‘मग उडतं कशावर?’

रूममेटने माझ्याकडे बोट दाखवलं. ‘हे पत्रकार आहेत, हे सांगतील.’ चिंचवड येईपर्यंत मी सांगत होतो, सरकत्या जिन्यापासून. आजोबा पिंपरीला उतरले.

एक तारखेपासून तो चाकणला आहे, पहिला महिना नाइट शिफ्ट. विमान माझ्या कॉटखाली आहे, सेल दर पंधरा दिवसांनी चार्ज करायला सांगून गेलाय. नाकावरच्या टेपवर त्याने मार्करने लिहून ठेवलंय: ‘पत्रकारांनी उघडू नये.’